नेमणूक साहेबाची, मंजुरी कोणाची?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वस्त्यांची एकत्र बैठक पावसाळ्याच्या तोंडाला झाली. तिथं केलेलं हे भाषण. बऱ्याच जणांनी लिहून मागितलं म्हणून छापतो आहोत. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



फळ्यावर विषय लिहिलाय, ‘नेमणूक आणि मंजुरी’. तो वाचून मागचे दोघंतिघं चहाला उठले, ते आम्ही बघितलं. त्यांची चूक नाही, विषय सरकारी वाटतो. पण ह्याच दोन शब्दांपायी आपल्या एका आजीचा दावा दोन वर्षं पडून राहिला. म्हणून तिथूनच सुरू करतो.

आजीकडं वनखात्याच्या हद्दीत तीन एकर माळ आहे. सासऱ्याच्या काळापासून तिथं बाजरी, मटकी, हुलगा पेरतात. वन हक्काचा कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा पाहिजे. हिचा ताबा त्याच्या कितीतरी आधीचा. दावा भरला, वनखात्यानं पूर्वी केलेल्या दंडाच्या पावत्या जोडल्या, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लावले. पुढं काहीच हलेना. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "वन हक्क समितीनं जागेची पाहणी केलेली नाही." बरं, समितीत कोण कोण आहे? कोणालाच सांगता येईना. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि ग्रामसभेच्या रजिस्टरची नक्कल काढली.

पान उघडलं तर समिती होती की! अकरा नावं. खाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. त्या अकरांतल्या चौघांना आपण समितीत आहोत हे आमच्याकडून कळलं. आदिवासी नावं फक्त तीन. आणि सातव्या नंबरला आजीचा नवरा, नावापुढं सहीसुद्धा. आजी म्हणाली, "माझा धनी जाऊन तवा दोन पावसाळे झालं हुतं. जित्तेपणी अंगठा लावायचा. मेल्यावर सही शिकला म्हनायचा."

आम्ही सगळे हसलो. आजी हसली नाही, मग आम्हीही गप झालो.

गावाचं नाव आम्ही घेत नाही, भाऊसाहेबांचंही घेत नाही. कारण असलं रजिस्टर एकाच गावात असतं तर नाव घेतलं असतं. तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या गावचं पान पाहिलंय? हात वर करा. बघा, नऊ हात. इथं माणसं दीडशेच्या वर आहेत.

त्या पानावर कायद्याला पाहिजे ते सगळं होतं. नेमणूक होती, मंजुरी होती. मंजुरी देणारी माणसं तेवढी नव्हती.

आता हे दोन शब्द वेगळे का ठेवले असतील? काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला गेलात तर विकणारा म्हणतो, चार दाती आहे. तुम्ही तेवढ्यावर पैसे मोजता का? जबडा उघडून बघता, चालवून बघता, सोबत जाणता माणूस नेता. माणूस नेमतानाही एवढंच करायचं असतं. नेमणारा एक, दात बघणारा दुसरा. नेमणारा आपलाच माणूस बसवणार हे धरून चालायचं. तो वाईट आहे म्हणून नव्हे. उद्या तिथं आपण असलो तर आपणही बसवू. म्हणून तर मध्ये दुसऱ्याचा हात लागतो.

आपल्या गावातच बघा. रोजगार सेवक ग्रामसभेच्या मान्यतेनं ठरतो. त्यामुळं हजेरी नीट मांडली नाही तर चार बाया त्याला पारावर गाठतात आणि विचारतात, तुला आम्ही बसवला ना? तो चिडतो, पण उत्तर देतो. आता पोलीस पाटील घ्या. त्याला प्रांत नेमतो. परीक्षा असते, मुलाखत असते, ग्रामसभेला कोणी विचारत नाही. त्याला कोणी पारावर गाठत नाही. गाठलं तरी तो म्हणेल, माझी ऑर्डर प्रांतसाहेबांची.

आणि आपल्याला, त्यातही पारधी वस्त्यांना, सगळ्यात जास्त काम पडतं ते ह्याच माणसाशी. १९५२ साली गुन्हेगार जमातीचा कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला. पण चोरी कुठल्या का शिवारात होईना, गाडी आधी पालावर येते. तेव्हा रात्री कोण वस्तीवर होतं आणि कोण नव्हतं, हे विचारतात पोलीस पाटलाला. त्याच्या एका शब्दावर आपल्या पोराची रात्र कुठं जाईल ते ठरतं. त्या शब्दामागं आपली मंजुरी कुठंच नाही.

इथं एक साथी मघाशी म्हणाला, मग मागणी करू, पोलीस पाटीलही ग्रामसभेच्या मंजुरीनं नेमा. आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण जरा थांबा. शिरूर-दौंडच्या बागायती गावात ग्रामसभा भरली तर माणसं कोणाची जास्त असतात? वस्तीवरची वीस घरं एकीकडं आणि गाव एकीकडं. गावानं हात वर करून पाटील मंजूर केला तर तो गावाचा होईल. आपला होईलच असं नाही. ह्या प्रश्नाकडं आम्ही परत येणार आहोत. आधी जरा मुंबईला जाऊन येऊ.

मंत्रालयातला सगळ्यात मोठा नेमलेला माणूस कोण? मुख्यमंत्री. निवडून आमदार येतो, मुख्यमंत्र्याला नेमतो राज्यपाल. पण घटनेनं अट घातली आहे की मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार राहील. म्हणजे नेमणूक राजभवनात आणि मंजुरी विधानसभेत. तुम्हाला पहाटेचा शपथविधी आठवत असेल. २३ नोव्हेंबर २०१९. गावं उठून चुलीला लागत होती तोवर मुंबईत मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री झाले होते. राज्यपालांनी शपथ दिली, कागद पक्का, शिक्का पक्का. कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टानं २६ तारखेला सांगितलं, उद्या संध्याकाळी पाचच्या आत विधानसभेत बहुमत दाखवा, मतदान उघड घ्या, टीव्हीवर दाखवा. त्याच दिवशी दोघांनी राजीनामे दिले. सभागृहापर्यंत जाण्याचीही वेळ आली नाही.

मग २८ तारखेला दुसरे मुख्यमंत्री आले. त्यांनी ३० तारखेला सभागृहात १६९ मतं दाखवली. तेही सुटले नाहीत. ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते आणि घटना म्हणते, सहा महिन्यांत निवडून या नाहीतर खुर्ची सोडा. मे २०२० मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध आले तेव्हा मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. आम्हाला ह्यातल्या कुठल्या पक्षाचं देणंघेणं नाही. आमच्या दाव्याच्या फायली दोघांच्याही काळात धूळ खात होत्या. सांगायचं एवढंच, की राज्यपालाची सही असली तरी सभागृहानं मान हलवल्याशिवाय महाराष्ट्राचा मुख्यमंत्रीसुद्धा टिकत नाही. आणि आपल्या गावात मेलेल्या माणसाच्या सहीवर समिती दोन वर्षं टिकते.

अमेरिकेत हे आणखी कडक आहे. तिथला राष्ट्राध्यक्ष मंत्री निवडतो, मोठ्या कोर्टाचे न्यायाधीश निवडतो, पण सेनेट नावाच्या सभागृहानं हो म्हटल्याशिवाय त्यांना खुर्ची मिळत नाही. १९८९ मध्ये तिथं संरक्षण मंत्री म्हणून जॉन टॉवर नावाच्या माणसाचं नाव पाठवलं. तो स्वतः त्याच सभागृहात वीस वर्षांहून जास्त बसलेला. तरी ५३ विरुद्ध ४७ मतांनी नाकारला. आपल्या जुन्या सोबत्याला तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं. आपल्या भावकीतल्या माणसाला ग्रामसभेत नाही म्हणून बघा.

मग आपल्या घटनेत असं का नाही? हे कोणी विचारलंच नाही असं नाही. २४ मे १९४९ ला घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेच्या पद्धतीचा विचार मांडला आणि ती नको म्हणाले. त्यांचं म्हणणं असं होतं, की प्रत्येक नेमणूक सभागृहाच्या संमतीवर ठेवली तर काम अवघड होतं आणि शिवाय पक्षांचं राजकारण नेमणुकीत शिरतं. पण एकट्या सरकारच्या हातात सोडणंही त्यांना धोक्याचं वाटत होतं. म्हणून मधला मार्ग काढला. सरकारनं नेमावं, पण जाणत्यांचा सल्ला घेऊन.

बाबासाहेबांची ही भीती आम्हाला समजते. मघाशी पोलीस पाटलाच्या वेळी आपल्याला वाटली ती हीच. सभागृह म्हणजे काही देवमाणसांचा मेळा नव्हे. तिथंही पुतणे, भाचे, जातभाई असतात.

पण ‘सल्ला’ हा शब्द जपून वापरायचा आहे, साथींनो. सल्ला आणि संमती ह्यांत फरक आहे. सल्ला घेतला म्हणजे ऐकलाच पाहिजे असं नाही. संमती मिळाली नाही तर गाडी पुढं जात नाही. सोयरीक जमवताना मुलीला विचारतात तसं आहे. विचारणं वेगळं आणि तिच्या नकारानं लग्न मोडणं वेगळं. उद्या कोणी साहेब म्हणाला, "तुमच्याशी चर्चा झालेली आहे," तर आधी विचारायचं, चर्चा झाली का ठराव झाला?

आपल्या देशात ह्या दोन्हीच्या मधली एक तिसरी रीत आहे. मोठ्या जागा भरायला एक छोटी समिती असते आणि तिच्यात विरोधी पक्षाचा नेता बसवतात. राज्याचा माहिती आयुक्त घ्या. ज्याच्याकडं आपलं दुसरं अपील जातं तो. त्याला निवडतात तिघं, मुख्यमंत्री, त्यांनी सांगितलेला एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता. तुम्ही म्हणाल, तिघांत दोघं सरकारचे, मग त्या एकट्याचा उपयोग काय? आम्हीही हेच म्हणत होतो. पण ही गोष्ट ऐका.

दिल्लीत केंद्रीय दक्षता आयुक्त नावाचं पद आहे. सरकारी माणसांच्या भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणारं. त्यालाही तिघं निवडतात, पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतला विरोधी पक्षनेता. सप्टेंबर २०१० मध्ये पी. जे. थॉमस ह्यांचं नाव आलं. केरळातल्या पामतेलाच्या आयातीच्या जुन्या प्रकरणात त्यांचं नाव होतं. विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज म्हणाल्या, आमचा विरोध आहे आणि तो लिहून घ्या. दोन विरुद्ध एक. नेमणूक झाली, शपथ झाली. सगळ्यांना वाटलं, विषय संपला. पण तो विरोध कागदावर होता. लोक सुप्रीम कोर्टात गेले आणि ३ मार्च २०११ ला कोर्टानं ती नेमणूक रद्द केली. समितीनं बघायला पाहिजे होती ती कागदपत्रं बघितलीच नाहीत, ती शिफारस कायद्याला धरून नाही, असं कोर्टानं म्हटलं. आणि पुढच्यासाठी सांगितलं की जो विरोध करील त्यानं कारणं लिहावीत, आणि जे त्याला डावलून पुढं जातील त्यांनीही कारणं लिहावीत.

एकटी बाई हरली होती, पण तिचा नकार कागदावर राहिला, आणि सहा महिन्यांनी तोच कामाला आला.

म्हणूनच सरकारला विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी असलेली बरी वाटते. २०२४ च्या निवडणुकीनंतर आपली विधानसभा बसली तेव्हा ती खुर्ची रिकामीच राहिली. २८८ चा दहावा हिस्सा म्हणजे २९ आमदार, आणि विरोधातल्या कुठल्याच पक्षाकडं एकट्याचे तेवढे नव्हते. माहिती अधिकाराचा कायदा करणारे मात्र हुशार होते. त्यांनी २००५ मध्येच लिहून ठेवलं, की विरोधी पक्षनेता मानलेला नसेल तर विरोधातल्या सगळ्यात मोठ्या गटाचा जो पुढारी असेल त्यालाच ह्या कामापुरता विरोधी पक्षनेता समजावं. नाही म्हणणाऱ्याची जागा रिकामी ठेवायची नाही. कायदा लिहावा तर असा.

आता परत आपल्या माळावर येऊ. मघाचा प्रश्न होता, आपण थोडे असलो तर मंजुरी आपल्या काय कामाची?

वन हक्काच्या नियमांत ह्याचं उत्तर आहे, आणि ते फार कमी लोकांनी वाचलंय. वन हक्क समिती ग्रामसभा निवडते. दहाच्या खाली नाही, पंधराच्या वर नाही. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे पाहिजेत आणि एक तृतीयांश बाया. २००८ च्या नियमात आपला हिस्सा एक तृतीयांशच होता, २०१२ ला तो दोन तृतीयांश केला. म्हणजे बारा जणांची समिती असेल तर आठ आपले, आणि एकूण बारांत चार बाया. गावात आपली वीस घरं असोत नाहीतर दोनशे, आकडा तोच. मंजुरी बहुमताची, पण खुर्च्या कोणाच्या ते बहुमतानं ठरत नाही. आजीच्या गावात अकरांत तीन आदिवासी, त्यातला एक मेलेला. ती समिती जन्मापासूनच चुकीची. हे दाखवायला सही खोटी आहे हे सिद्ध करत बसायचीही गरज नव्हती. नावं मोजली असती तरी भागलं असतं. आम्ही ती मोजली दोन वर्षांनी. ही चूक आमचीही आहे.

आणखी एक. समितीतला माणूस स्वतः दावेदार असेल तर त्यानं तसं आधी सांगायचं आणि त्याच्या दाव्याच्या पडताळणीत बसायचं नाही. हा नियम आपल्यालाही आहे बरं का. आपल्यातलेच काही हुशार स्वतःची मोजणी स्वतःच करायला निघतात. तिथंही दात दुसऱ्यानंच बघायचे.

आता अवघड गाठ. ग्रामपंचायत कायद्याची साधी ग्रामसभा पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, जे कमी असेल तेवढ्यावर चालते. वन हक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मे सभासद लागतात, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया. दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदारही पाहिजेत. डोंगरातल्या पाड्यात हे जमतं. आपल्याकडं पाच-सहा हजार मतदारांच्या गावात निम्मं गाव कधी बसलंय? गावजेवणालाही बसत नाही. मग होतं काय, सभा तहकूब, परत तहकूब, आणि शेवटी कोणीतरी घरी बसून रजिस्टर भरतं. आजीच्या नवऱ्याची सही अशीच झाली असणार.

जुन्नर-आंबेगावची आदिवासी गावं पाचव्या अनुसूचीत आहेत. तिथं पेसा आहे, पाड्याची ग्रामसभा होऊ शकते. शिरूर-दौंड अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून आपल्याला सांगतात, तुम्हाला ते लागू नाही. पेसा लागू नाही हे खरं. पण वन हक्काच्या नियमांत २०१२ ला ‘२ क’ हा नियम घातला, तो सगळीकडं आहे. पंचायतीनं आपल्या हद्दीतल्या वाड्या, वस्त्या, नोंद नसलेल्या वसाहती ह्यांची यादी करायची, त्या वस्तीच्या सभेनं ठराव करायचा, आणि यादी उपविभागीय समितीकडं पाठवायची. मग त्या वस्तीला ह्या कायद्यापुरतं गाव समजायचं. वीस घरांचं गाव! तिथं निम्मे सभासद म्हणजे पंचवीस-तीस माणसं, आजच्या ह्या मांडवात मावतील. आपली ह्या वर्षाची पहिली मागणी ही आहे.

दुसरी गोष्ट प्रांताच्या पातळीवरची. उपविभागीय समितीत सहा खुर्च्या असतात. प्रांत, वनखात्याचे अधिकारी, आदिवासी विभागाचे अधिकारी, हे तिघं सरकारचे. उरलेले तिघं पंचायत समितीतले, जिल्हा परिषदेनं नेमलेले, त्यात दोघं आदिवासी आणि एक बाई. तीन साहेब, तीन लोकांचे. किती बरोबर तोललंय बघा. जिल्हा समितीतही तसंच, वर कलेक्टर.

आणि मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आला. एक नाही, दोन नाही, तीन वर्षांच्या वर. प्रशासक कोण, तर मुख्य कार्यकारी अधिकारी. पंचायत समितीत गटविकास अधिकारी. म्हणजे सभेपुढं विषय ठेवणारा तोच, सभाही तोच, आणि मंजूर म्हणणाराही तोच. ठराव मांडायचा, इकडच्या खुर्चीतून तिकडच्या खुर्चीत बसायचं आणि मंजूर करायचा. तोपर्यंत तीन लोकांच्या जागांवर लोकांचा माणूस कुठून आणायचा? नेमणारं सभागृहच नव्हतं. पेपरात आलं, विकासकामं रखडली. आपले दावे रखडले ते कोणी छापलं नाही.

म्हणतात ना, ज्याच्या हाती ससा तो पारधी. पारधी म्हणून ही म्हण ऐकताना आपल्याला हसू येतं, ससा हाती असणारे आपण कधीचेच राहिलो नाही. आज ज्याच्या हाती रजिस्टर तो पारधी.

एक शंका इथल्या एका बहिणीनं मांडली ती चांगली आहे. ती म्हणाली, नाही म्हणायला आम्ही हात वर करू, पण ज्याच्या शेतात उद्या खुरपायला जायचंय तो समोरच बसलेला असतो. मघाशी आम्ही सांगितलं, मुंबईत कोर्टानं मतदान उघड घ्यायला लावलं. आमदारानं कोणाला विकलं ते लोकांना दिसलं पाहिजे म्हणून. ताकदवाल्याचं मत उघड पाहिजे. गरिबाचं मात्र झाकलेलं पाहिजे. लोकांनी थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचं असेल तर सदस्यांचा ठराव ग्रामसभेपुढं येतो आणि तिथं गुप्त मतदान होतं. ते बरोबरच आहे. समिती निवडतानाही कोणाला दबाव वाटत असेल तर आपण चिठ्ठीनं मतदान मागू. आधी लेखी मागू, म्हणजे सभेत तोंड उघडायला लागणार नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी ठरलंय ते असं. जुन्या समितीची नक्कल प्रत्येक गावानं जुलैतच काढायची आणि नावं मोजायची. मेलेली, गाव सोडलेली, न विचारता घातलेली, सगळी वेगळी लिहायची. जिथं आकडा चुकतो तिथं नवी समिती निवडायचा विषय पत्रिकेवर घ्या म्हणून अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवायचा. सभेत प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायला लावायचं आणि ते माणूस उभं राहिलं पाहिजे. उभं राहिलं नाही तर नाव नाही. ज्याला ठराव मान्य नसेल त्यानं नुसतं उठून जायचं नाही. ‘माझा विरोध आहे, कारण असं’ हे रजिस्टरात लिहून घ्यायचं आणि खाली सही नाहीतर अंगठा करायचा. भाऊसाहेब लिहीत नसतील तर आपणच साध्या कागदावर दोन प्रती लिहू. ‘सर्वानुमते’ हा शब्द ह्या वेळी फुकट द्यायचा नाही.

आजीच्या वस्तीवरून पाच बायांची नावं आली आहेत. पहिलं नाव आजीचंच आहे. तिच्या स्वतःच्या दाव्याच्या दिवशी ती बाजूला बसेल, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "बसंन की. पन बाकीच्यांचं रान मी पायानं फिरून बघनार."

त्या दिवशी रजिस्टरची पानं आधी मोजून घ्यायला आमच्यातले दोघं सकाळी आठलाच ग्रामपंचायतीत जाणार आहेत. तुमच्या गावात कोण जाणार ते आज इथंच सांगा. नावं लिहून घेतो.